व्हिला वत्सला

"व्हिला वत्सला," मी म्हणाले. इटलीतल्या सासरच्या जुन्या घराला नाव द्यायचा मान सासूबाईंनी मला दिला होता. माझ्या आईला जाऊन सहा महिने झाले होते. तिचं नाव ऐकून नवऱ्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्याच दिवशी चिनीमातीची पाटी रंगवणारा कुंभार आला. ज्याचं नाव, त्याच्या खोलीची खिडकीही तो पाटीवर काढायचा. "यांची खोली कुठली?" त्यानं विचारलं.

चार वर्षं आई फोनवर म्हणायची, "अगं, पासपोर्ट येऊन पडलाय. व्हिसाला तुझं पत्र लागतं म्हणे. कधी पाठवतेस?" मी सांगायचे, "घराचं काम चाललंय गं. तुला झोपवू कुठे?" खरं तर नऊवारीतली, खणखणीत आवाजात बोलणारी आई मला या लोकांसमोर नको होती.

"ती वरची, उन्हाची," सासूबाईंनी काठीनं खिडकी दाखवली. "त्या येतील म्हणून चार वर्षं दर रविवारी मी तिथली चादर बदलत होते." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पण बिचारीला प्रवासच झेपत नव्हता ना? तूच सांगायचीस."