दूध

"आधी जुनं घर इकू, मंग नवं पाहू," असं गजेंद्र म्हणत राहिला, पण त्याची बायको जयमाला ऐकणारी नव्हती. जळगाव जामोदच्या या नव्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून सातपुडा दिसायचा.

"राह्यचं तं इथंच," ती म्हणाली होती.

मोताळ्याच्या जुन्या घराला अजून गिऱ्हाईक नव्हतं. तिनं ते झाडूनपुसून रिकामं केलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

वास्तुशांतीच्या सकाळी तिनं नव्या गॅसवर दुधाचं पातेलं ठेवलं. दूध उतू गेलं की घर आपलं. पूजा झाली, पाहुणे जेवून गेले, तरी दूध तापेना. जयमालानं बोट बुडवून पाहिलं. खाली जाळ होता आणि दूध थंडगार.

"राहू दे वं," गजेंद्र म्हणाला. "चाल, वापस जाऊ."

"उतू गेल्याबिगर मी हालत नाही."

तिनं गॅस मोठा केला. तेवढ्यात मोताळ्याच्या शेजारच्या पुष्पाबाईंचा फोन आला.

"जयमाला, तुह्या घरात दूध उतू गेलं वं. उंबऱ्यावरून बाहेर येऊन राह्यलं."

जयमालानं कमरेची किल्ली चाचपली. "दाराले कुलूप हाये ना, काकू?"

"हाव, कुलूप तं हाये."

पातेल्यातलं दूध तळाला गेलं होतं. जयमालानं उरलेली पिशवी फोडून त्यात ओतली.

"वाहू द्या," ती म्हणाली.

"आता थांबलं," पुष्पाबाई हळूच म्हणाल्या. "आतून कोणीतरी दाराखालून फडक्यानं पुसून राह्यलं. राह्यचं तं इथंच, म्हणते."