सर्वांत मोठ्या आवाजाचा कूलर

"यातला कोणता कूलर जास्त आवाज करतो?" सिनानने विचारलं.

हिकमतने मान वर केली. बगदादच्या कॉम्प्युटर बाजारात त्याचं दुकान बावीस वर्षं होतं. असा प्रश्न कुणी केला नव्हता.

"अहो भाऊ, कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवताय म्हणता, बाहेर पन्नास डिग्रीचं ऊन. तो थंड ठेवायला पाण्याचा कूलर घ्या. हूं की चूं करणार नाही."

"तो तीन पंख्यांचा द्या."

"तो? विमान उडाल्यासारखा ओरडतो!"

"तोच."

"बरं बाबा. मशीन घेऊन या, बसवून देतो."

"इतका वेळ घर सोडून राहता येत नाही. तुम्हीच चला, आत्ता." सिनानच्या गालावर नखांचे ताजे ओरखडे होते.

घराच्या दाराला आतून तीन कड्या होत्या. खिडक्यांवर गोधड्या ठोकलेल्या. हिकमत कूलर बसवत असताना आतल्या खोलीतून बाईची किंकाळी आली, मग हुंदके.

"पंखे पूर्ण वेगाने सोडा!" सिनान ओरडला. घरघर सुरू झाली आणि हुंदके बुडाले.

हिकमतने चमकून आतल्या दाराकडे पाहिलं, पंख्याच्या पात्याने बोट कापलं. तेवढ्यात आतली बाई कापूस घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले, ओठ चावून फुटलेले. तिने जखम पुसली, घट्ट पट्टी बांधली.

"आत हो!" सिनान खेकसला. ती निमूट गेली.

हिकमतची धाकटी बहीण नवऱ्याच्या माराने गेली होती. शेजाऱ्यांना म्हणे काही ऐकूच आलं नव्हतं. सिनानच्या घरून परतल्यावर दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. पोलिसांकडे जावं तर नवरा-बायकोच्या भांडणात पडू नका म्हणून हाकलतील, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा दोन जवान मुलांना घेऊन दुकानात आला. त्याने सिनानचा फोटो पुढे केला.

"हा कॉम्प्युटरवर काम करतो. या बाजारात कुणीतरी ओळखेल म्हणून दुकानोदुकान हिंडतोय. माझी लेक कोंडून ठेवलीय हो याने." म्हाताऱ्याचे डोळे खरोखरच रडून रडून लाल झालेले होते.

"चला चाचा," हिकमत म्हणाला. "घर मी दाखवतो."

दार त्यानेच वाजवलं. "कूलरवाला! एक स्क्रू राहिलाय."

शेवटची कडी निघाली आणि मुलांनी दार लाथेने उघडलं. पहिला दंडुका सिनानच्या तोंडावर बसला, दात फरशीवर सांडले. तो सरपटत आतल्या दाराकडे गेला आणि ते अडवून बसला. दुसऱ्या फटक्याने मनगट मोडलं, तरी हलेना. इतका निगरगट्ट! हिकमतच्या डोक्यात रक्त चढलं. त्याने स्वतः सिनानच्या बरगड्यांत लाथ घातली. "ही माझ्या बहिणीसाठी!" आणखी एक घातली. कित्येक वर्षांनी त्याला मोकळं वाटलं.

आतलं दार उघडलं. बाईने सिनानच्या अंगावर झेप घेतली.

"त्याला मारू नका! माझ्या भावाने काय केलंय? मला लपवलं, माझं रडणं कुणाला ऐकू जाऊ दिलं नाही, मी बाहेर पळू पाहिलं तर धरून ठेवलं, एवढंच! मी येते, मी येते!"

"भाऊ?" हिकमत म्हणाला.

म्हाताऱ्याने बाहेरचं दार लोटून आतून तिन्ही कड्या घातल्या आणि कमरेचं पिस्तूल काढलं.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "माझा पोरगा तुमच्या ऑपरेशनच्या टेबलावर मेला, त्याला आज चाळीस दिवस झाले."