पान नऊ

“टोपी काढ,” वॉल्टर कुजबुजला.

“अरे, चर्चमध्येसुद्धा बायकांना कुणी टोपी काढायला लावत नाही,” डोरीन म्हणाली. पण काढली आणि मांडीवर ठेवली. लाल लोकरीची, गोंड्याची, तिनेच कधीतरी विणलेली.

हडर्सफील्डच्या कोर्टातली ती खोली कोर्टासारखी मुळीच दिसत नव्हती. एक लांब टेबल, पाण्याचा जग, बंद पडलेला हीटर आणि टेबलाच्या टोकाला कोट न काढता बसलेल्या जज मॅडम. समोर पार्किंग कंपनीचे वकील, मिस्टर ट्रेम्लेट. त्यांना हा खटला सकाळी आगगाडीत बसताना मिळाला होता आणि अर्धा वाचून होतो तोच स्टेशन आलं होतं.

वॉल्टर ओल्डरॉइडने मात्र तो सात महिने वाचला होता. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. दुसऱ्याच्या वेळापत्रकात चूक सापडली की त्याचा दिवस छान जायचा. कंपनीची चूक त्याला सापडली होती. दुकानांच्या आवारात त्याची गाडी साडेचार तास उभी होती आणि मुभा दोनच तासांची होती, एवढं खरं. पण गाडीच्या मालकाकडून पैसे मागायचे तर नोटीस चौदा दिवसांत पोचावी लागते. ही पोचली एकोणिसाव्या दिवशी. म्हणजे आता पैसे मागायचे ते फक्त गाडी चालवणाऱ्याकडे, आणि चालवत कोण होतं ते कंपनीला ठाऊक नव्हतं. तिच्याकडे होतं फक्त पान नऊ, कॅमेऱ्याने टिपलेला फोटो. नंबर स्वच्छ. काचेमागे चेहरा नाही, नुसता एक लाल ठिपका.

सल्ला देणाऱ्या सगळ्यांनी एकच बजावलं होतं. गाडी माझी आहे, एवढंच म्हणायचं. कोण चालवत होतं, ते बोलायचं नाही. वॉल्टरला ते सोपं वाटलं. गेल्या वर्षभरात घरात जे जे चाललं होतं, त्यातल्या एकाही गोष्टीचा शेवट त्याच्या हातात नव्हता. या खटल्याचा होता. म्हणून तो लढत होता.

डोरीन आज येणारच नव्हती. पण तिच्यासोबत बसणारी शेजारीण नेमकी सकाळीच तापाने पडली.

“चौदा दिवसांच्या मुद्द्यावर तुमचं काय म्हणणं आहे?” जज मॅडमनी वकिलांना विचारलं.

मिस्टर ट्रेम्लेटनी कागद पुढे उलटले, मागे उलटले. “त्या मुद्द्यावर... आमचं फारसं म्हणणं नाही.”

वॉल्टरने टेबलाखाली मूठ आवळली. जिंकलोच.

“चौदा दिवसांचं काय घेऊन बसलात?” डोरीन म्हणाली. “मला विचारा ना. हा एक स्क्रू आणायला गेला आणि मला गाडीत विसरला. साडेचार तास! वर घरी आल्यावर मलाच विचारतो, कुठे होतीस?”

मिस्टर ट्रेम्लेट सरसावून बसले. “म्हणजे गाडी यांनीच नेली होती, बाई?”

“मग? गाडी काय एकटीच फिरायला गेली होती?”

“मिसेस ओल्डरॉइड साक्षीदार नाहीत,” जज मॅडम म्हणाल्या. “मिस्टर ओल्डरॉइड, तुम्ही उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पण आता विचारणं भाग आहे. त्या दिवशी गाडी तुम्ही चालवत होतात का?”

नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं. त्या दुपारी तो घरी एकच सूप तिसऱ्यांदा गरम करत होता. पण ‘मी नाही’ म्हटलं की एकच नाव उरत होतं, आणि ते नाव त्याच्या शेजारी बसून त्याच्या कॉलरवरचा धागा काढत होतं.

“काय गारठा आहे बाई इथे,” डोरीन पुटपुटली आणि टोपी परत डोक्यावर चढवली.

जज मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग पान नऊ पाहिलं. मग परत तिच्याकडे.

“मी चालवत होतो,” वॉल्टर घाईघाईने म्हणाला. “मीच. हिला गाडीत बसवून गेलो आणि विसरलो. हल्ली विसरतो मी.”

“बघा!” डोरीन म्हणाली. “कधीची सांगतेय ह्याला, डॉक्टरांना दाखव, डॉक्टरांना दाखव. ऐकेल तर शपथ.”

जज मॅडमनी पान नऊ पालथं ठेवलं.

“कोर्ट तुमचा शब्द मान्य करतं,” त्या म्हणाल्या. “निकाल कंपनीच्या बाजूने.”

“आभारी आहे, मॅडम,” वॉल्टर म्हणाला आणि सात महिन्यांची फाईल बंद केली. हरल्यावर इतक्या मनापासून आभार मानणारा माणूस मिस्टर ट्रेम्लेटनी आजवर पाहिला नव्हता.

“मिसेस ओल्डरॉइड,” जज मॅडम म्हणाल्या, “यांना नीट घरी न्या. वाट चुकतील.”

“ह्याची नका काळजी करू. मी आहे ना,” डोरीन म्हणाली. तिने वॉल्टरचा हात घट्ट धरला, ताठ मानेने त्याला चालवत नेलं आणि दार उघडलं.

ते फायलींच्या कपाटाचं होतं.