गुलाबी गळपट्टा

मी ब्लाउज शिवते. आमच्या आळे गावात माझ्या डिझाइनचं एवढं नाव, की लग्नात बायका कॅमेऱ्याकडे मुद्दाम पाठ करतात.

पण शेतात खुरपणाऱ्या एका बाईची बिबट्याने मान धरली, तेव्हापासून सगळ्या माझ्याकडे टोकदार खिळ्यांचे गळपट्टेच शिवायला टाकतात. त्यात कसली आलीय फॅशन!

परवा गळपट्टा शिवायला टाकताना शेतावर जाणारी प्रतिभा म्हणाली, "ताई, खिळ्यांच्या मधी मोती लाव ना. रानात गेलं म्हणून काय झालं?"

लई दिवसांनी हात खुलला. मोती लावले, कडेला जरीची लेस लावली. तिला इतका आवडला, की आज ती दुसरा शिवून घ्यायला आली.

"माप कुणाचं?" मी टेप उचलत विचारलं.



तिच्या मागून चार वर्षांची लेक पुढं आली. तिने आपणहून हनुवटी वर केली. "मावशी, मला गुलाबी पायजे."