उघडी छत्री

"सर, युद्ध जिंकून चार महिने झाले, मग आपली छत्री अजून उघडी कशी?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून जुईलीने शाळेच्या विजयसभेत पाहुण्या कर्नलसाहेबांना विचारलंच. अवकाशातल्या त्या अवाढव्य छत्रीने शत्रूच्या बेटावरचं ऊन अडवलं होतं आणि एकही गोळी न झाडता देश जिंकला होता.

कर्नल ओशाळले. "उघडायला बटण होतं, बेटा. मिटवायला माणसांना वर जावं लागतं. अर्ज मागवलेत, एकही आला नाही."

घरी जुईलीच्या येरझाऱ्या थांबेनात. त्या बेटावरची पोरं भर दुपारी कंदील घेऊन शाळेत जात असतील!

"अगं, बस की एका जागी!" आई वैतागली.

"आई, बाबा, छत्री मिटवायला मी जाणार. सोळाव्या वर्षी पालकांची सही लागते. नाही केलीत तर अठराव्या वर्षी जाईन, पण तोवर तिथे अंधारच राहील."