राक्षसिणीचा कच्चा दुवा

पटावरचा खेळ दादा चालवायचा, त्यातले राक्षस आणि त्यांचे कच्चे दुवे तोच रचायचा. “या राक्षसिणीला तलवारीने काही होत नाही,” तो मित्रांना म्हणाला. “पण अंगावर चिखल फेका, की लढाई सोडून हात धुवायला पळते. मोजून सात वेळा धुते.” मित्र हसून लोळले. सोबत खेळणाऱ्या त्याच्या बहिणीने धुऊन धुऊन सोलवटलेले हात टेबलाखाली घेतले. आपण सात वेळा हात धुतो हे तिने फक्त दादाला सांगितलं होतं, तेही रडत. एकेकाने फासा टाकून राक्षसिणीवर चिखल फेकला. दादा हात चोळचोळून धुण्याची नक्कल करू लागला, हुबेहूब तिच्यासारखी. तिच्या हाती फासा आला, सगळ्यांच्या तेलकट बोटांनी चिकट झालेला. तिने पुसला नाही. “मी राक्षसिणीला साबण देते,” म्हणत तिने खिशातली वडी पटावर ठेवली. “अगं, हात स्वच्छ झाल्यावर आपल्याला खाईल,” दादा म्हणाला. “खाऊ दे.”