चाळीसच्या पुढे न पळणारी

"चावी दे," मुलगा म्हणाला. "संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय गाडी न्यायला."

आईने शिवून झालेले पडदे पिशवीत कोंबले. "देते की. आधी हे दवाखान्यात पोचवू. तूच चालव."

मुलगा विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायचा. रोज चेपलेले पत्रे बघून बघून त्याने आईच्या त्या दोन माणसांच्या, चाळीसच्या पुढे न पळणाऱ्या बॅटरीच्या गाडीची धास्तीच घेतली होती. गाडी कसली, खेळणं आहे, असं तो म्हणायचा. पण आईचे गुडघे गेले तेव्हा बंद पडलेला शिवणकामाचा धंदा या खेळण्यानेच पुन्हा उभा केला होता. गाडी गेली की आईही घरात बसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तो अंग चोरून आत बसला आणि आई काही बोलायच्या आत, सवयीने, थेट गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागला.

तिथे त्याची पाचावर धारण बसली. पाय पार तळाला टेकला तरी काटा चाळीसच्या पुढे सरकेना. मागचे ट्रक हॉर्न वाजवून जीव खात होते. एक टँकर इतका खेटून गेला की गाडी हलली.

"बघितलंस? म्हणूनच सांगतोय, ही विकून टाक!"

"भांडण नंतर. डावीकडचा दिवा लाव आणि पहिल्या फाट्याला आत वळ."

आत वळल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. आईने त्याला उठवलं आणि स्वतः चालवायला बसली.

बाजारामागची गल्ली, शाळेची भिंत, बागेचा कोपरा. सायकलवाले पुढे निघून जात होते, त्याचं तिला सोयरसुतक नव्हतं. तेवढ्यात एका फाटकातून एक आजोबा मागचापुढचा विचार न करता रस्त्यात आले. मुलाचा पाय आपोआप खाली दाबला गेला, पण त्याच्या बाजूला ब्रेक कुठला असायला! आईने गाडी केव्हाच थांबवली होती. आजोबांनी हात वर केला आणि रमतगमत पलीकडे गेले.

दवाखान्याच्या दारात दोन मोठ्या कुंड्यांच्या मध्ये, जिथे मुलाच्या गाडीचं नाकसुद्धा शिरलं नसतं, तिथे तिने गाडी लावली. मुलाचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं.

"नाही हो, विकायची नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवून आईवर डोळे वटारले. "पण एक अट आहे. त्या मोठ्या रस्त्याला जायचं नाही. कधी म्हणजे कधीच नाही."

"इतक्या वर्षांत एकदाच गेलेय," पडद्यांची पिशवी त्याच्या हातात देत आई म्हणाली. "आज. आणि चालवत मी नव्हते."